रविवारची न्याहारी

तुमच्या घरी रविवारची सकाळ कशी असते? इतर दिवशी डबा भरायचा, गणवेश घालायचा, घंटा होण्याआधी शाळा गाठायची, अशी धावपळ असते. रविवारी तसे नसते. सगळे उशिरा उठतात. चहा दोनदा होतो. न्याहारीला दहा-साडेदहा वाजतात आणि मग दुपारच्या जेवणाची भूक तीन वाजेपर्यंत लागत नाही. काही घरांत तर न्याहारी आणि दुपारचे जेवण मिळून एकच होऊन जाते.

अशा खाण्याला इंग्रजीत 'ब्रंच' म्हणतात. 'ब्रेकफास्ट' म्हणजे न्याहारी आणि 'लंच' म्हणजे दुपारचे जेवण. पहिल्या शब्दाचे डोके आणि दुसऱ्या शब्दाचे शेपूट जोडून हा शब्द तयार झाला. १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने 'हंटर्स वीकली' या साप्ताहिकात ब्रंचची बाजू मांडणारा एक लेखच लिहिला. रविवारी लवकर उठण्याची सक्ती कशाला, दुपारी जड जेवण कशाला, त्यापेक्षा उशिरा उठावे आणि हलकेफुलके असे एकच खाणे करावे, असे त्याचे म्हणणे होते. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या मंडळींची त्याला फार काळजी होती, असे दिसते!

शब्द इंग्रजी असला, तरी सुट्टीच्या सकाळी सावकाश आणि पोटभर खाण्याची रीत आपल्याला इंग्रजांनी शिकवली असे मात्र नाही. मुंबईत भेंडी बाजार आणि महंमद अली रोड या भागात रविवारी सकाळी जाऊन पाहा. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी खाण्यासाठी लोक दूरदूरच्या उपनगरांतून आलेले असतात. उशीर करणाऱ्याला रिकामे पातेले पाहून परत फिरावे लागते.

निहारी हा शब्द तुम्हांला माहीत आहेच. उर्दूत 'निहार मुँह' म्हणजे सकाळपासून काही न खाता. मराठीत यालाच 'अनशापोटी' म्हणतात. अनशापोटी राहिलेल्या माणसाचे पहिले खाणे ती निहारी. पुढे एका विशिष्ट पदार्थालाच ते नाव पडले. आणि मराठीतला 'न्याहारी' हा शब्द? तोही याच कुळातला. फारसीतून तो मराठीत आला आणि इथलाच होऊन राहिला. म्हणजे शेतावर भाकरी घेऊन जाणारी शेतकरीण आणि भेंडी बाजारातला बावर्ची, दोघेही एकच शब्द वापरतात. फरक आहे तो थोड्याशा उच्चाराचा.

आता मी ज्या न्याहारीविषयी सांगणार आहे, ती भेंडी बाजारापासून फार दूर नाही. दोन-अडीच किलोमीटर दक्षिणेला गेले की मुंबईचा 'फोर्ट' हा भाग लागतो. फोर्ट म्हणजे किल्ला किंवा कोट. आज तिथे किल्ला दिसत नाही. इंग्रजांनी बांधलेली तटबंदी १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडून टाकण्यात आली. नाव तेवढे उरले. उच्च न्यायालय, रिझर्व्ह बँक, टाकसाळ, शेअर बाजार, वकिलांची कार्यालये, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, सगळे या भागात किंवा त्याच्या आसपास. एका बाजूला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि दुसऱ्या बाजूला चर्चगेट, अशी दोन मोठी स्थानके. सकाळी नऊ ते अकरा या वेळात या दोन स्थानकांतून माणसांचा लोंढा बाहेर पडतो आणि संध्याकाळी तोच लोंढा परत आत शिरतो. या भागात काम करणारे लोक पुष्कळ, पण राहणारे थोडे. म्हणून रविवारी फोर्टमध्ये गेलात, तर गाव सोडून सगळे कुठे तरी निघून गेले आहेत असे वाटते. पदपथावरची पुस्तकांची आणि फाउंटन पेनांची दुकाने बंद असतात. रस्त्यात मुले क्रिकेट खेळतात.

अशा ठिकाणी कोपऱ्यावर एक जुने इराणी उपाहारगृह आहे. मी तिथे अनेक वर्षे जात आहे. त्याचे नाव इथे सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या एकट्याची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द आणि केरमान या भागांतून अनेक कुटुंबे मुंबईला आली आणि त्यांनी चहाची दुकाने काढली. धोबी तलावाजवळचे 'क्यानी' १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले 'ब्रिटानिया' १९२३ चे. इराण्यांना दुकानासाठी कोपऱ्याच्या जागा सहज मिळत, कारण त्या अशुभ आहेत अशा समजुतीने इतर व्यापारी त्या घेत नसत. इराण्यांना त्या शुभच ठरल्या. दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक आत येई! संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानखटाई, आणि गल्ल्यावर बसलेले शेठ. एके काळी मुंबईत अशी शेकडो उपाहारगृहे होती. आज मोजकीच उरली आहेत.

ही उपाहारगृहे चालत होती ती कार्यालयांतल्या गिऱ्हाइकांवर. सकाळी बरुन-मस्का आणि चहा, दुपारी खिमा-पाव किंवा डाळ-भात, चार वाजता पुन्हा चहा. शिवाय 'बाहेरवाला' असे. बाहेरवाला म्हणजे तारेच्या जाळीत चहाचे सहा-आठ पेले अडकवून आजूबाजूच्या कार्यालयांत पोहोचवणारा मुलगा. अर्ध्याहून अधिक चहा बाहेरच जाई, असे शेठ सांगत. शनिवारीही धंदा बरा होई. रविवारी मात्र दाराला कुलूप. काचेवर 'रविवारी बंद' अशी रंगवलेली पाटी होती आणि तिचा रंग उडाला तरी ती बदलण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

मग एकेक गिऱ्हाईक गळू लागले. शेअर बाजारात दलाल पूर्वी एका मोठ्या दालनात उभे राहून ओरडून व्यवहार करत आणि घसा कोरडा पडला की चहाला बाहेर येत. १९९५ मध्ये तिथे संगणक आले आणि ओरडणे थांबले. अनेक कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, म्हणजे सगळेच शनिवार गेले. आणि त्यानंतर महिनाभरातच कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली. टाळेबंदी उठली, तरी घरून काम करण्याची पद्धत काही कार्यालयांत राहिलीच. सरकारी कर्मचाऱ्याला शनिवारी सुट्टी मिळाली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या सुट्टीची किंमत कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मोजली, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

सहा दिवसांचे उत्पन्न पाच दिवसांवर आले. खर्च मात्र तेवढाच राहिला. तेव्हा शेठांच्या मुलीने सुचवले, "बाबा, शनिवार-रविवारी सकाळी उशिराची न्याहारी सुरू करून पाहू या. मोठ्या हॉटेलांत लोक तिच्यासाठी हजारो रुपये देतात. आपण दोनशे रुपयांत देऊ."

शेठांनी विचारले, "फोर्टमध्ये रविवारी येणार कोण? कावळे?"

प्रश्न बरोबर होता. पण मुलीने दोन रविवार रस्त्यावर उभे राहून पाहिले होते. रविवारी सकाळी ओव्हल आणि आझाद मैदानावर क्रिकेटचे सामने असतात. एकेका मैदानावर कितीतरी संघ एकाच वेळी खेळत असतात. जुन्या इमारती पाहायला हिंडणारे लोक असतात. वस्तुसंग्रहालयाकडे आणि जहांगीर कलादालनाकडे जाणारी कुटुंबे असतात. पहाटे सायकली घेऊन निघालेली तरुण मंडळी असतात. या सगळ्यांना भूक लागते आणि समोर मात्र सगळी दारे बंद असतात.

एवढ्यावरून उपाहारगृह उघडता येत नाही. आधी हिशेब करावा लागतो. तो हिशेब आपणही करून पाहू. आकडे सोपे धरू, म्हणजे रीत समजेल.

समजा, उपाहारगृहात १० टेबले आहेत आणि प्रत्येकाला ४ खुर्च्या, म्हणजे ४० माणसांची जागा. कामाच्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीच या दोन तासांत गर्दी होते. कारकून घाईत असतो. तो वीस मिनिटांत जेवून उठतो. शिवाय टेबलावर एक खुर्ची रिकामी असेल, तर अनोळखी माणूस "बसू का?" असे विचारून तिथे बसतो, त्याचे कोणाला काही वाटत नाही. त्यामुळे दोन तासांत १५० माणसे सहज जेवून जातात. प्रत्येकाचे १०० रुपये धरले, तर १५,००० रुपये होतात.

रविवारी हेच गणित उलटे होते. रविवारचे गिऱ्हाईक घाईत नसते. घाई नको म्हणूनच ते आलेले असते. तिघांचे एक कुटुंब एका टेबलावर तासभर बसते. चौथी खुर्ची रिकामी राहते, कारण कुटुंबाच्या टेबलावर परका माणूस बसत नाही. सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड या चार तासांत एका टेबलावर फार तर चार कुटुंबे बसतील. म्हणजे दहा टेबलांवर ४०. पण सगळी टेबले सगळा वेळ भरलेली नसतात. निम्मी धरा. २० कुटुंबे, म्हणजे ६० माणसे. प्रत्येकाचे २२५ रुपये धरले, तर १३,५०० रुपये होतात. माणसे कमी, पण रक्कम जवळजवळ तेवढीच. मुलीला हेच दिसले होते.

शेठांना दुसरी बाजू दिसत होती. २२५ रुपयांपैकी ९० रुपये अंडी, खिमा, लोणी, पाव, दूध यांना जातात. उरले १३५. रविवारी आठ माणसे कामावर बोलवायची, तर त्यांची एका दिवसाची मजुरी प्रत्येकी ७०० रुपये धरून ५,६०० रुपये होते. गॅस, वीज आणि इतर किरकोळ खर्च ९०० रुपये. म्हणजे ६,५०० रुपये सुटेपर्यंत एक पैसाही नफा नाही. ६,५०० ला १३५ ने भागा. उत्तर ४८ पेक्षा थोडे जास्त येते. म्हणजे ४९ माणसे, सुमारे सतरा कुटुंबे, यायलाच हवीत. सतरावे कुटुंब आत आले की मग नफा सुरू होतो. सहाच कुटुंबे आली, तर दिवसभर राबून चार हजारांहून अधिक रुपये खिशातून घालावे लागतात. वाटल्यास हाही हिशेब करून पाहा.

व्यापारात वाया जाणाऱ्या मालाचाही हिशेब धरावा लागतो. खिमा उरला तर दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. बरुन-पावाची तऱ्हा तर वेगळीच. बरुन म्हणजे वरून कडक आणि आतून मऊ असा पाव. भट्टीतून निघाल्यावर काही तास तो कुरकुरीत राहतो. मग, विशेषतः पावसाळ्यात, हवेतल्या ओलाव्याने तो चामड्यासारखा होतो. कामाच्या दिवशी पाव पहाटे येतो आणि नऊ-दहापर्यंत संपतो. रविवारच्या गिऱ्हाइकाला तो अकरा वाजता कुरकुरीत हवा असतो. त्यासाठी बेकरीवाल्याला दुसऱ्या खेपेचा पाव पाठवायला सांगावे लागले आणि थोड्या पावांसाठी त्याची सायकल रविवारी एवढ्या लांब यायला तयार नव्हती. शेवटी शेठांची मुलगी स्वतः स्कूटरवरून पाव आणू लागली.

पण पावाची अडचण माणसांच्या अडचणीपुढे काहीच नव्हती.

या उपाहारगृहात सर्वांत जुने वेटर आहेत, त्यांना सगळे 'चाचा' म्हणतात. पस्तीस वर्षे ते इथे काम करत आहेत. कोणत्या गिऱ्हाइकाला चहा कडक हवा आणि कोणाला बिनसाखरेचा, हे ते न विचारता सांगतात. राहतात मुंब्र्याला. सकाळी सहाच्या सुमारास घर सोडतात आणि रात्री नऊला परततात. तेव्हा त्यांची नात झोपायच्या तयारीत असते. आठवड्यातला एक रविवार, तेवढाच तिचा आणि त्यांचा. त्या दिवशी ते तिला घेऊन बाजारात जातात, तिचा उर्दूचा धडा ऐकतात. मराठीचा धडा मात्र तीच त्यांना वाचून दाखवते.

शेठांनी चाचांना बोलावून सांगितले, "चाचा, रविवारी या. सोमवारी सुट्टी घ्या. रविवारची मजुरी वेगळी देईन."

चाचा म्हणाले, "शेठ, सोमवारी माझी सुट्टी, पण पोरीची शाळा. मग मी घरी बसून काय करू?"

यावर शेठ काही बोलले नाहीत. मला वाटते, या दोन वाक्यांतच सगळा प्रश्न आला. सुट्टी म्हणजे केवळ काम नसलेला दिवस नव्हे. सगळ्यांना मिळून मोकळा असलेला दिवस, हा तिचा खरा अर्थ. एकट्याला मिळालेली सुट्टी अर्धीच असते.

रविवारची सुट्टी आपल्याकडे पूर्वीपासून होती, असे पुष्कळांना वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांना ती नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणी चाले आणि आठवड्याला ठरलेली अशी सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही गोष्ट धसाला लावली. ते ठाण्याचे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी मिळावी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, या त्यांतल्या दोन मागण्या. मालकांनी लक्ष दिले नाही. लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

गिरणी कामगारांना रविवार मिळाला. वेटरांना, बेकरीतल्या कामगारांना, दूधवाल्यांना तो मिळालाच असे नाही. कारण बाकीच्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांचेच काम वाढते. पुढे दुकानांसाठी १९४८ मध्ये मुंबई राज्याने कायदा केला. त्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. या नव्या कायद्यानुसार दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते. मात्र कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या दुकानांतल्या प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावीच लागते. दुकानाला सुट्टी नको, माणसाला हवी, असा या तरतुदीचा अर्थ. तो दिवस रविवारच असावा, असे मात्र कायदा म्हणत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रविवारची न्याहारी सुरू झाली. चाचांनी पहिले चार रविवार यायचे कबूल केले होते. नवे गिऱ्हाईक येणार, तेव्हा जुना माणूस हवा, असे त्यांनाही वाटले असावे. पहिल्या रविवारी एकूण अकरा माणसे आली. त्यांत मी एक होतो. खाद्यपदार्थांची यादी चांगली तीस पदार्थांची होती आणि त्यातले निम्मे तयार नव्हते. अकुरी मागवली, तर खिमा आला. अकुरी म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मऊसर ठेवलेली अंडी. पारशी आणि इराणी लोकांचा हा आवडता पदार्थ. खिमाही चांगला होता, म्हणून मी तक्रार केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र केली.

दुसऱ्या रविवारी मेगाब्लॉक होता. मुंबईबाहेरच्या मुलांसाठी सांगतो, रुळांची आणि तारांची दुरुस्ती करण्यासाठी रेल्वे बहुतेक रविवारी काही मार्गांवरच्या गाड्या चार-पाच तास बंद ठेवते किंवा वळवते. तो मेगाब्लॉक. ही दुरुस्ती साधारण अकरा ते चार या वेळात चालते आणि न्याहारीची वेळही तीच! घरून निघालेली माणसे दादरलाच अडकली. काही तर निघालीच नाहीत. मग मुलीने एक युक्ती केली. दर शनिवारी वर्तमानपत्रात मेगाब्लॉकची माहिती येते. ती पाहून पाव किती आणि खिमा किती आणायचा, हे ती ठरवू लागली. मुंबईत खाद्यपदार्थांचा अंदाज रेल्वेच्या वेळापत्रकावरून करावा लागतो, हे कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात सापडायचे नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो हुतात्मा चौकातून कफ परेडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून पश्चिम उपनगरांतल्या लोकांची तरी थोडी सोय झाली.

शनिवारची न्याहारी तीन आठवड्यांत बंद केली. शनिवारी मैदानांवर गर्दी नसते आणि हिंडणारेही कमी. रविवारची चालू ठेवली, पण तिचे रूप बदलले. तीस पदार्थांचे सात झाले. बरुन-मस्का, अकुरी, खिमा-पाव, आमलेट-पाव, मावा केक, चहा आणि उन्हाळ्यात रास्पबेरी सोडा. खिमा सकाळीच शिजवून ठेवता येतो, अंडी पाच मिनिटांत होतात, केक बेकरीतून येतो. म्हणजे स्वयंपाकघरात एक बावर्ची आणि एक मदतनीस पुरतात. निहारी ठेवावी, असे कोणी तरी सुचवले होते. बावर्ची हसला. ज्यांना निहारी खायची आहे, ते पहाटेच भेंडी बाजारात खाऊन झोपलेही असतील, असे तो म्हणाला.

गिऱ्हाइकांचा अंदाजही थोडा चुकला होता. क्रिकेटपटू आले, पण सामना संपल्यावर दोन वाजता आले, तेव्हा बंद करायची वेळ झालेली असे. त्यांच्यासाठी वेळ अर्ध्या तासाने वाढवली. इमारती पाहणारे लोक आले आणि भिंतीवरच्या आरशांचे फोटो काढत एका चहावर तासभर बसले. खरे गिऱ्हाईक निघाले वेगळेच. याच भागात तीस-तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले कारकून आपल्या मुलाबाळांना घेऊन येऊ लागले. डोंबिवलीहून, वसईहून, पनवेलहून. "या टेबलावर मी रोज बसायचो," असे ते नातवाला सांगत. त्यांच्यासाठी पदार्थांची यादी लागतच नव्हती. आणि ते आल्या आल्या विचारत, "चाचा कुठे आहेत?"

यामुळे पेच वाढलाच. चाचांना रविवारी सुट्टी द्यावी, तर गिऱ्हाईक विचारते. न द्यावी, तर चाचांची नात वाट पाहते. चार रविवार संपले, तेव्हा चाचांनी स्वतःच तोड सुचवली. आठ माणसे दर रविवारी लागत नाहीत. पदार्थ कमी झाल्यावर पाच पुरतात. एकूण दहा माणसे आहेत. पाचांचे दोन गट करावे आणि एका रविवारी एका गटाने यावे, दुसऱ्या रविवारी दुसऱ्याने. म्हणजे प्रत्येकाला एक आड एक रविवार मिळेल आणि ज्या आठवड्यात रविवारी काम असेल, त्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी. शुक्रवारची सुट्टी काहींना हवी होती. पण फोर्टमध्ये शुक्रवारी दुपारी जेवणाची गर्दी असते. म्हणून जुम्याच्या नमाजासाठी दोघादोघांनी आळीपाळीने जायचे, असे ठरले. ते पूर्वीही तसेच जात होते; आता ते कागदावर आले.

पाच माणसांची मजुरी ३,५०० रुपये होते. मघाचे गणित पुन्हा करा. ३,५०० आणि इतर खर्चाचे ९०० मिळून ४,४००. त्याला १३५ ने भागले, तर ३३ माणसे पुरतात. एकोणपन्नासांवरून तेहतीस! शेठांनी हा हिशेब बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला आणि कागद बराच वेळ गल्ल्यात जपून ठेवला होता.

मार्च २०२५ मध्ये रमजानचा महिना होता. दहापैकी सहा माणसांचे रोजे. त्या महिन्यात रविवारची न्याहारी बंद ठेवली. जून-जुलैच्या पावसात काही रविवारी दहा माणसेही आली नाहीत, आणि त्या दिवसांचा तोटा हिवाळ्यातल्या नफ्यातून भरून काढावा लागला. वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा फार नफा झाला नाही आणि तोटाही झाला नाही. शेठ म्हणतात, "अजून एक वर्ष पाहू." मुलगी म्हणते, "दोन."

काचेवरची 'रविवारी बंद' ही पाटी आता खरवडून काढली आहे. अक्षरांच्या खुणा मात्र उन्हात अजून दिसतात. स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक फळा टांगला आहे. त्यावर पुढच्या चार रविवारी कोणी यायचे, ते खडूने लिहिलेले असते. डावीकडे मराठीत आणि उजवीकडे उर्दूत. मागच्या वेळी मी गेलो, तेव्हा चाचा नव्हते. चहा एका तरुण वेटरने आणला आणि त्याने मला साखर किती हवी, ते विचारले.